गोझो: माल्टाहून एका दिवसात उरकू नका, मुक्काम करा

भूमध्य समुद्रातल्या माल्टाला जाणारे बहुतेक जण शेजारचं गोझो बेट एका दिवसात करतात. सकाळची फेरीबोट, मग जीपमधून चार ठिकाणं, फोटो, जेवण आणि संध्याकाळी परत. माझं अगदी मनापासून सांगणं आहे की असं करू नका. बेट लहान आहे हे खरं, सगळं मिळून 67 चौरस किलोमीटर, कुठूनही कुठे जायला अर्धा तास पुरतो, पण इथलं जे खरं बघण्यासारखं आहे ते सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच नीट दिसतं, आणि नेमकं तेव्हा हे जीपवाले पाहुणे फेरीच्या रांगेत उभे असतात. आम्ही मे संपता संपता गेलो होतो, मी, बायको आणि माझी आई, आणि मुक्काम केला म्हणूनच आईलाही सगळं निवांत बघता आलं.

आधी पोचायचं कसं ते सांगतो. गोझोवर विमानतळ नाही, माल्टालाच उतरायचं. मुंबईहून थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूलला बदलून जाता येतं, व्हिसा शेंगेनचा. माल्टाच्या उत्तर टोकाला चिर्केव्वा नावाचा धक्का आहे, तिथून गाड्या घेणारी मोठी फेरी सुटते आणि साधारण 25 मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदरात सोडते. तिकीट जाताना काढायचंच नसतं, परत येताना गोझोच्या बाजूला काढतात, त्यामुळे चिर्केव्वाला खिडकी शोधत फिरू नका. राजधानी वॅलेटाहून एक फास्ट फेरीपण आहे, पाऊण तास लागतो, फक्त माणसांसाठी, तिचं तिकीट वेगळं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, त्यामुळे भाड्याची गाडी घ्यायला भीती नाही, पण गावातले रस्ते फार अरुंद, छोटीच गाडी घ्या. बसने जायचं तर जवळजवळ सगळ्या बस व्हिक्टोरियाहून, म्हणजे बेटाच्या मधल्या मुख्य गावातून सुटतात, बऱ्याच मार्गांवर तासाला एकच, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. आणि पाट्या वाचताना एवढं लक्षात ठेवा की एक्स अक्षराचा उच्चार तिकडे श असा होतो, नाहीतर शारा आणि श्लेन्दी ही गावं ड्रायव्हरला सांगता येणार नाहीत.

शारामध्ये जगांतियाची मंदिरं आहेत आणि माझ्यासाठी अख्ख्या बेटाचं मोल या एका जागेत आहे. इसवी सनापूर्वी साधारण 3600 ते 3200 या काळातली ही दोन दगडी मंदिरं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही हजारेक वर्षं आधीची, धातूची हत्यारं नव्हती तेव्हाची. भिंती काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत अजून उभ्या आहेत, आणि बाहेरच्या भिंतीतले काही दगड पाच मीटरहून लांब, पन्नास टनांच्या आसपास वजनाचे. कसे हलवले असतील? तिथे दगडाचे गोळे सापडलेत, त्यावरून घरंगळत आणले असावेत असं मानतात. गावातल्या लोकांची जुनी गोष्ट मात्र वेगळी आहे, सानसुना नावाच्या राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन हे दगड डोक्यावरून आणले म्हणे. बांधणाऱ्यांनी बाहेरून कठीण प्रवाळी चुनखडी वापरली आणि आत दारांना, वेदींना मऊ पिवळसर चुनखडी, कुठला दगड कुठे टिकेल हे त्यांना पक्कं माहीत होतं. 1980 पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे. उघडण्याच्या वेळेलाच जा. आम्ही गेलो तेव्हा आत जेमतेम पाच-सहा माणसं होती आणि दारांचं तोंड आग्नेयेला असल्यामुळे सकाळचं ऊन थेट आत आलेलं, ते बघून आई बराच वेळ काही बोललीच नाही. दहा-साडेदहानंतर बस यायला लागतात. त्याच तिकिटात जवळची 1725 ची ता कोला पवनचक्की बघता येते, तीपण बघा, चालत पाच-सात मिनिटं.

व्हिक्टोरियातला किल्ला, चित्तादेल्ला, संध्याकाळी बघा. तटावरून चहूबाजूंनी बेट दिसतं, शेतं, चर्चचे घुमट आणि पलीकडे समुद्र. पण तिथे उभं राहताना 1551 माहीत हवं. त्या जुलैमध्ये द्रागुत आणि सिनान पाशाच्या ऑटोमन, म्हणजे तुर्की, आरमाराने हा किल्ला घेतला आणि बेटावरची जवळजवळ सगळी माणसं, पाचेक हजार, गुलाम करून त्रिपोलीकडे नेली. बेट रिकामं झालं. नंतर हळूहळू लोक परत वसले, पण 1637 पर्यंत कायदाच होता की रात्री सगळ्यांनी किल्ल्यात येऊन झोपायचं. हे कळल्यावर उत्तरेकडच्या त्या पडक्या घरांच्या भिंतींकडे नुसते अवशेष म्हणून बघवत नाही. किल्ल्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात मैमुना नावाच्या मुलीचा 1174 चा संगमरवरी थडग्याचा दगड आहे, कूफी या जुन्या अरबी लिपीत कोरलेला, तेव्हा बेट नॉर्मन राजांकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती तरी अरबी बोलणारे मुस्लिम इथे राहत होते याचा हा पुरावा, कृपा करून हा दगड बघितल्याशिवाय निघू नका. आणि कॅथेड्रलला बाहेरून घुमट नाही पण आत मान वर केली की घुमट दिसतो, 1739 मध्ये सपाट छतावर रंगवलेला. संग्रहालय पाचच्या सुमारास बंद होतं, आधी ते करा आणि मग तटावर जा.

पश्चिम किनाऱ्यावरच्या द्वेय्राला आता कशाला जायचं असं बरेच जण विचारतात, कारण फोटोत असायची ती दगडी कमान, अझुर विंडो, 8 मार्च 2017 ला वादळात समुद्रात कोसळली. जाच, माझं ठाम मत आहे. समोर साठ मीटर उंच फंगस रॉक उभा आहे. त्यावर एक लालसर परजीवी वनस्पती उगवते, तिला बुरशी समजायचे आणि रक्तस्राव, अतिसार यांवर औषध मानायचे, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट लोकांना, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाला, ती इतकी मौल्यवान वाटायची की 1746 मध्ये त्यांनी खडकावर जायलाच बंदी घातली, वर चढता येऊ नये म्हणून कडे तासून गुळगुळीत केले आणि कोणी चोरायला गेलं तर तीन वर्षं गलबतावर वल्ही मारायची शिक्षा. आजही तिथे चढायला परवानगी नाही, राखीव जागा आहे, आणि त्या एवढ्याशा खडकावर पालीसारख्या सरड्यांची स्वतःची वेगळी उपजात आहे. शेजारच्या इनलँड सी नावाच्या, कड्यांनी वेढलेल्या खाऱ्या तळ्यातून छोट्या बोटी कड्यातल्या बोगद्यातून बाहेर समुद्रात नेतात, लाटा मोठ्या असतील तर बंद असतात, म्हणून एकाच दिवसावर अवलंबून राहू नका. बूट चांगले घाला, खडक धारदार आहेत.

मिठागरं बघायची तर मार्सालफोर्नच्या पश्चिमेला श्वेय्नीला जा. वसई-उरणकडची मिठागरं मातीची, ही थेट किनाऱ्याच्या खडकात कोरलेली, शेकडो चौकोन, साडेतीनशे वर्षांपासून वापरात. काही घरं पिढ्यानपिढ्या हेच काम करतायत, मोठ्या खड्ड्यात पाणी उन्हात तापवायचं, मग उथळ चौकोनात सोडायचं, सुकलं की झाडूने ढीग करायचे. पाऊस आला की मेहनत गेली. रस्त्याकडेला ते मीठ विकतात, त्यांच्याकडूनच घ्या, आणि चौकोनांत पाय टाकून फोटो काढू नका, ते कोणाचं तरी पोट आहे.

रात्री, जमलं तर चंद्र नसताना, ता चेन्चच्या कड्यांकडे जा. तिथे स्कोपोली शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात आणि अंधार पडल्यावरच कड्यावर परततात, त्यांचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा, अंगावर काटा येतो. कठड्याबिठड्याचा पत्ता नाही आणि खाली शंभर-सव्वाशे मीटर, त्यामुळे रस्ता दिवसा बघून ठेवा, टॉर्च जमिनीकडे धरा, कड्यावर मारू नका, आणि धारेपासून लांबच थांबा.

जेवणाचं विचाराल तर शाकाहारी माणसाचं नीट चालतं. बिगिल्ला म्हणजे लसूण घातलेली, वालासारख्या ब्रॉड बीन्सची चटणी, पावाबरोबर आईला फार आवडली. फ्तिराच्या भाकरीवर बटाटा असतो पण बहुतेकदा अँचोवी किंवा ट्यूनापण, आधी सांगा. पास्तिझी, म्हणजे सारण भरलेले खुसखुशीत पॅटिस, रिकोटा चीजचे किंवा वाटाण्याचे मिळतात, कणकेत चरबी आहे का ते विचारून घ्या. प्लग तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश, अडॅप्टर लागतोच. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन आणि गर्दी दोन्ही सहन होत नाही, एप्रिल-मे मध्ये रानफुलं असतात आणि समुद्रात पोहायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरं. आणि रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन परत निघायचं टाळा, माल्टाची सगळी माणसं त्याच वेळी फेरीच्या रांगेत असतात, सोमवारी पहाटेचं विमान असेल तर दुपारीच पलीकडे जा.