चेरी काऊंटीत नांगर का चालला नाही

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, साउथ डकोटाच्या हद्दीला लागून चेरी काऊंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) आहे. क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या कनेटिकट राज्याहून जास्त. २०२० च्या जनगणनेत इथे माणसं भरली ५,४५५, आणि त्यातली जवळपास निम्मी व्हॅलेंटाइन या एकाच गावात. गायी मात्र दीड लाखाच्या वर. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींच्या संख्येत ही काऊंटी देशात पहिली आहे.

या आकड्यांचं मूळ जमिनीत आहे. काऊंटीचा बहुतेक भाग सँडहिल्समध्ये येतो. या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या. काही शंभर मीटरहून उंच, आणि त्यांच्यावर गवताची पातळ साल. पाऊस वर्षाला जेमतेम ५० सेंटीमीटर, पण तो वाहून जात नाही. वाळू तो तिथल्या तिथे पिऊन घेते आणि खालच्या ओगलाला भूजलसाठ्यात भर पडते. दोन टेकड्यांमधल्या सखल भागात हेच पाणी वर येतं, म्हणून माथा कोरडा ठणठणीत आणि पायथ्याशी तळी आणि पाणथळ कुरणं, असं चित्र दिसतं. नद्याही झऱ्यांवर चालतात, त्यामुळे उन्हाळ्यात आटत नाहीत.

हा मुलूख लाकोटा या मूळ अमेरिकन लोकांचा. त्यांचं रोझबड रिझर्वेशन (त्यांच्यासाठी राखून ठेवलेला भूभाग) आजही हद्दीच्या पलीकडेच आहे. त्यावर नजर ठेवायला १८८० मध्ये फोर्ट नायोब्रारा ही लष्करी छावणी उभी राहिली. १८८१ मध्ये मारला गेलेला इथला लेफ्टनंट सॅम्युअल चेरी, त्याच्या नावाने १८८३ मध्ये काऊंटी झाली आणि त्याच वर्षी व्हॅलेंटाइनला रेल्वे पोचली. त्याआधी टेकड्यांत जायला गुराखीही कचरत. १८७९ च्या सुमारास हरवलेली जनावरं शोधायला ते आत शिरले, तेव्हा ती मेलेली नव्हती, चांगली धष्टपुष्ट होती. तिथून गोपालकांनी सरकारी जमिनीलाच बेकायदा तारा ठोकायला सुरुवात केली.

सरकारचं धोरण वेगळं होतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर मिळत. वाळूत ते पुरत नाहीत हे दिसल्यावर खासदार मोझेस किंकेड यांचा १९०४ चा कायदा आला: ६४० एकर, अट पाच वर्षं वस्तीची आणि जमिनीवर एकरी सव्वा डॉलरच्या सुधारणेची. कागदावर हे उदार वाटतं. पण इथे एका गाय-वासराला वर्षभरासाठी साधारण १५ ते २० एकर लागतात, म्हणजे ६४० एकरांत ३०-४० गायी. तेवढ्यावर घर चालत नाही, म्हणून लोकांनी मका पेरला. पहिली एक-दोन वर्षं पीक आलं, मग मुळं कुजली, वारा लागला आणि शेत उडू लागलं.

ही माणसं आळशी किंवा अडाणी नव्हती. कुरणातल्या ओल्या, मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या लाद्या कापून त्यांनी घरं बांधली (टेकडीवरची लादी उचलताच सुटते), आणि लाकूड नसल्याने वाळलेल्या शेणावर चुली पेटवल्या. १९०७ पासून नॉर्थ लूप नदीकाठी कृष्णवर्णीय कुटुंबांनी डेविटी ही वसाहत उभारली. नेब्रास्कातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची ही सर्वांत मोठी ग्रामीण वसाहत, आणि तिला इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही. पुढे बहुतेक किंकेडवाले जमिनी विकून गेले आणि गुरं पाळायचे रँच मोठे होत गेले.

वारा जिथे गवताची साल फोडतो तिथे खड्डा पडतो. त्याला इथे ब्लोआउट म्हणतात. सुरुवात बहुधा जनावरांच्या पायवाटेने किंवा पाण्याच्या हौदाभोवतीच्या तुडवणुकीने होते. हिवाळी वारा वायव्येकडून येतो, म्हणून त्या अंगाचा उतार सर्वांत धोक्याचा. दुरुस्तीत लोक हमखास एक पायरी गाळतात: खड्ड्याची लोंबती कड. ती आधी पाडून उतार सपाट करावा लागतो, नाहीतर वारा खालून पोखरत राहतो आणि टाकलेलं बी गाडलं जातं. मग जुनी वैरण पसरायची, किंवा हिवाळ्यात गुरांना तिथेच चारा टाकायचा, म्हणजे खुरांनी गवत आणि शेण वाळूत दाबलं जातं. त्यानंतर तार घालून दोन-तीन हंगाम गुरांना आत सोडायचं नाही. गंमत अशी की ब्लोआउट पेनस्टेमन हे दुर्मीळ जांभळ्या फुलांचं झाड अशा उघड्या वाळूतच वाढतं. खड्डे बुजत गेले तसं तेही कमी झालं, आणि १९८७ मध्ये त्याची नोंद धोक्यात आलेल्या वनस्पतींत झाली.

पाण्यासाठी आजही पवनचक्क्या फिरतात, जरी सौर पंप वाढत असले तरी. चाक फिरतंय, दांडा वरखाली होतोय, पण पाणी नाही, असं झालं की पहिला संशय नळीतल्या चामड्याच्या वॉशरवर. वाळूचे कण त्यांना घासून खातात. दांडा हाताला एकदम हलका लागला तर तो तुटलेला. लाकडी दांडा म्हणूनच बरा: ताण आला की तोच आधी मोडतो आणि वरची यंत्रणा वाचते. गिअरपेटीतलं तेल वर्षातून एकदा बदलायचं. दुभत्या गायीला कडक उन्हाळ्यात दिवसाला ७० लिटरपर्यंत पाणी लागतं, त्यामुळे बंद पडलेली चक्की दोन दिवस लक्षात आली नाही तर संकट ओढवतं.

वर्षाचं चक्र ठरलेलं आहे. वसंतात वासरं, मे-जूनमध्ये डागणी, जुलै-ऑगस्टमध्ये पाणथळ कुरणातलं गवत कापून गंजी, शरदात वासरांची विक्री. यातली गवतकापणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण हिवाळ्यात गुरांची भिस्त याच चाऱ्यावर. १९४९ सारखं हिमवादळ आलं तर मात्र गंजीपर्यंत पोचणंही अशक्य होतं. त्या वर्षी लष्कराच्या विमानांतून गुरांसाठी वैरण टाकावी लागली होती.

बघायला जाणार असाल तर व्हॅलेंटाइनलाच पेट्रोल भरून घ्या. दक्षिणेकडचे बरेच डांबरी रस्ते एकपदरी आहेत. समोरून गाडी आली की दोघांनीही उजवी चाकं खाली उतरवायची, पण वेग कमी करून, कारण कडेला मऊ वाळू असते. फाटक जसं दिसलं तसंच सोडायचं, उघडं असेल तर उघडं. आणि घड्याळ सांभाळा: काऊंटीतलं किलगोर हे गाव अमेरिकेच्या मध्य वेळेवर चालतं, तर पश्चिमेचं कोडी गाव एक तास मागे.