हे नक्की कुठलं?

"हे नक्की कुठलं?" एवढंच विचारलं नीरजने, मी केलेलं चिकन ताटात आल्यावर. वाईट असं काही बोलला नाही, आवाजही चढा नव्हता. तरी तो प्रश्न अजून घशात अडकून बसलाय. जेवणं केव्हाच झाली, ओटा पुसून झाला, आणि झोपायचं सोडून मी लिहीत बसलेय.

कुठलं म्हणजे? गोचुजांग, म्हणजे मिरचीचं आंबवलेलं घट्ट वाटण, कोरियाचं. नारळाचं दूध आणि फिश सॉस थाई स्वयंपाकातलं. सोया सॉस मुळात चीनचा. हे सगळं मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी "असंच केलंय" म्हटलं आणि भाताचं भांडं पुढे सरकवलं.

पण त्यात असंच काहीच नव्हतं, हेच मनातून जात नाहीये.

बिनहाडाच्या मांड्यांचे तुकडे मी सकाळीच मीठ लावून फ्रिजमध्ये उघडे ठेवले होते. वरचं पाणी सुकावं म्हणून. चिकन ओलं असलं की तव्याची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. पाणी आहे तोवर वरचा थर शंभर अंशांपुढे सरकत नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग धरायला साधारण १४० अंश लागतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेबद्दल लिहिलं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेत एकत्र येऊन हा रंग आणि वास तयार होतो. ते सुकलेले तुकडे तव्यावर टाकल्यावर जो आवाज झाला तो इतका बरोबर होता! कातडीची बाजू खाली, आणि मग हात लावायचा नाही. कडा आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. मी थांबले. घरात दुसरं कुणी नव्हतं, फोनही वाजत होता, तो घेतला नाही. कुणाचा होता तो विषय आज नको.

पुढचा टप्पा माझा सगळ्यात आवडता. गोचुजांगमध्ये मिरचीबरोबर चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन असतं. पिठूळ आणि गोड असल्यामुळे ते गरम तेलात क्षणात करपतं आणि कडू होतं. थाई करीत आधी नारळाचं दाट दूध आटवतात, त्याला तेल सुटलं की त्या तेलात वाटण परततात. मी वाटणाच्या जागी गोचुजांग घातलं. आच मंद. (डब्यातल्या दुधात स्टॅबिलायझर असेल तर कितीही आटवा, तेल सुटत नाही. डबा घेतानाच मागची यादी वाचावी.) तेल लाल झालं, मिरचीचा कच्चा वास गेला आणि त्यामागून आंबवलेल्या सोयाबीनचा खोल वास वर आला. मग गवती चहाची ठेचलेली कांडी, थोडं पाणी, फिश सॉस. फिश सॉस म्हणजे मीठ आणि छोटे मासे महिनोन् महिने मुरवून काढलेला अर्क. सोयाबीन आणि मासे, दोन्हीकडे मुरताना ग्लुटामेट हा चव खुलवणारा घटक सुटतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. दोन लांबच्या देशांतल्या बरण्या कढईत इतक्या पटकन एकजीव होतात, त्यामागे हे आहे.

आणि एवढ्यावर "कुठलं".

दुसरं कुणी असतं तर आधी पान संपवलं असतं, मग विचारलं असतं. जाऊ दे.

मला लागलं ते हे, की ज्याला पत्ता नाही त्याची किंमत कमी. कुठल्या तरी देशाचं नाव घेतलं असतं तर तो पदार्थ अस्सल ठरला असता, आणि मी त्या देशाची चांगली विद्यार्थिनी. नाव नाही, म्हणजे उरलंसुरलं एकत्र केलेलं. माझ्या हातून जे जे होतं त्याच्याकडे असंच पाहिलं जातं का? आज संध्याकाळी मला खरंच तसं वाटलं. अजूनही थोडं वाटतंय.

पण मग ती मिरची कुठली? ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर आशियात आली. त्याआधी कोरियात लाल गोचुजांग नव्हतं आणि थायलंडात लाल करी नव्हती. मिरची परकी आहे असं आज तिथलं कुणी म्हणेल? अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत मिळणाऱ्या जनरल त्सोच्या चिकनचंही तेच. पेंग चांग-क्वेई हे चीनच्या हुनान प्रांतातले स्वयंपाकी, १९४९ नंतर तैवानात गेले आणि तिथे १९५० च्या दशकात त्यांनी तो पदार्थ रचला. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर तो गोड झाला. ज्या सेनापतीचं नाव त्याला दिलं, तो १८८५ मध्येच वारला होता, त्याने तो कधी चाखलाही नाही. हुनानच्या नावावर अमेरिकेत खपणाऱ्या या चिकनची खुद्द हुनानमध्ये जुनी ओळख नाही. तरी लोक ते आवडीने खातात, आणि मला त्यात खोटं काही दिसत नाही. कुणीतरी घर सोडलं, नव्या जागी जे मिळालं त्यात आपली चव शोधली.

हे लिहिताना राग बराच उतरला. नीरजला प्रत्येक गोष्टीचं मूळ लागतंच, आधीपासून. कदाचित त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पान तर स्वच्छ केलं होतं त्याने, रस्सा भाताने पुसून. तो पुन्हा विचारेल आणि मी तेव्हा कढईजवळ उभं करून दाखवेन, दूध आटताना, तेल सुटताना. त्याला पटेल न पटेल. तो विचारणारा आहे, मी करणारी आहे, आणि आम्हाला एकाच टेबलावर जेवायचंय.

प्रमाण वहीत उतरवलंय: चिकन ५०० ग्रॅम, दाट नारळाचं दूध २०० मिलिलिटर, गोचुजांग दोन मोठे चमचे, फिश सॉस एक मोठा चमचा, सोया सॉस एक छोटा. लिंबू आणि थाई तुळस गॅस बंद केल्यावरच. चिकन शेवटची पाच-सात मिनिटं रश्शात, कातडी वर ठेवून, म्हणजे ती मऊ पडत नाही. मांडीचं मांस ७४ अंशांना खाण्याजोगं होतं, पण ८० च्या पुढे नेलं की जास्त मऊ लागतं, म्हणून घाई करायची नाही. पुढच्या वेळी गवती चहा बारीक चिरून घालण्याऐवजी पुन्हा अख्खाच ठेचून घालेन, वाढण्याआधी काढून टाकायला सोपा जातो.