ताटलीच्या तळाचं पाणी

कोशिंबिरीला पाणी सुटणं ही आपल्याकडे करणाऱ्याची नाचक्की. म्हणून मीठ ऐनवेळी, पानं वाढून झाल्यावर, ‘बसा आता’ म्हणता म्हणता. तरी ते सुटतंच, आणि पानाच्या डाव्या कडेने ओघळत भाताच्या मुदीखाली शिरतं. लहानपणी मग मुदीला बोटाने बांध घालायचा, हा घरोघरचा खेळ.

ग्रीसच्या नाक्सोस बेटावर भर जुलैच्या दुपारी याच पाण्यासाठी पावाचा तुकडा हातात धरून वाट पाहतात.

ताटलीचं नाव होरिआतिकी, म्हणजे गावाकडची. टोमॅटोच्या ओबडधोबड फोडी, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, बियांसकट काळे ऑलिव्ह, वर फेटा चीजची अख्खी वडी आणि त्यावर चुरडलेलं सुकं ओरेगानो. सॅलडचा पाला औषधालाही नाही. फेटाचे चौकोनी तुकडे करून मिसळलेले दिसले, की ते हॉटेल पर्यटकांसाठी चालतं असं मी बिनदिक्कत समजते. वडी अख्खी हवी, खाणाऱ्याने काट्याने मोडत जायची. हा फेटा मेंढीच्या दुधाचा; शेळीचं दूध फार तर 30 टक्के. आणि 2002 पासून युरोपात हे नाव फक्त ग्रीसच्या चीजला लावता येतं. नाक्सोस ज्या समूहात येतं त्या सिक्लेडीज बेटांवर कधी कधी फेटाऐवजी क्सिनोमिझिथ्रा नावाचं मऊ, आंबट चीज येतं. ते मिळालं तर फेटाचा हट्ट धरू नये.

घरी करायची तर दोघांसाठी अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक काकडी, अर्धा कांदा, दीडशे ग्रॅम फेटा, 4 मोठे चमचे ऑलिव्ह तेल. आधी फक्त टोमॅटोला मीठ लावून 10–15 मिनिटं ठेवायचं. फेटा आणि ऑलिव्ह खारटच असतात, म्हणून पुन्हा मीठ नाही. मग बाकीचं, आणि तेल सगळ्यात शेवटी. फसतं ते टोमॅटोपाशी. फ्रिजमधले नकोत, आणि चार दिवस प्रवास करूनही टणक राहणारे तर नकोतच, त्यांना रस म्हणून नसतो. आपल्याकडचा आंबटसर गावठी टोमॅटो इथे चालतो. पनीर मात्र नाही, त्याला खारटपणाही नाही न् आंबटपणाही.

खाऊन होईतो तळाशी टोमॅटोचा रस, तेल, फेटाचा चुरा आणि ओरेगानो यांचं गुलाबी तळं साचतं. त्यात पाव बुडवून खाण्याला पापारा म्हणतात. पाव न मागता येतो आणि बिलात बहुधा माणशी लागतो. त्यावरून वाद घालण्यापेक्षा तो संपवावा.

ग्रीसच्याच क्रीट बेटावर हाच मामला उलटा. तिथे पाणी प्यायला आधी पावच कोरडा ठाक करून ठेवलेला असतो. जवाचा, दोनदा भाजलेला, नुसता खाल्ला तर दाताचा टवका उडवील असा. तो नळाखाली दोन-तीन सेकंद धरायचा, वर एक मोठा टोमॅटो किसायचा, तेल, चीज, ओरेगानो, आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. याला दाकोस म्हणतात. वाटीभर पाण्यात भिजत घातला की लगदा. चहात खारी किती वेळ बुडवायची हे ज्याला कळतं, त्याला दाकोस शिकवावा लागत नाही.

टेबलावर अंथरलेला कागद मात्र चिमट्यांनी का आवळलेला असतो, हे मेल्तेमी सुटल्यावर कळतं. जुलै-ऑगस्टचा हा कोरडा उत्तरेचा वारा, एकदा धरला की तीन-चार दिवस सोडत नाही. आभाळात ढगाचा ठिपका नसतो, म्हणून लोक फसतात. एवढ्या लख्ख उन्हात बोट कशी रद्द होईल? होते. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नाक्सोसला मोठ्या बोटीने पाचेक तास लागतात. वेगवान बोट तास-दीड तास वाचवते, पण वाऱ्यात आधी बंद पडते तीच. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोचलेलं बरं. आणि त्या वाऱ्यात पोहायचं तर बेटाच्या नैऋत्येला, आयिओस प्रोकोपिओस किंवा आयिआ आना गाठावं. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर तोंडात वाळूच जाईल.

कोकणातल्या माणसाला खरं नवल वाटतं ते टेबलांचं. पाय जवळजवळ पाण्यात, आणि कोणी उचलायला धावत नाही. तिथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभराची. आपल्याकडे असं टेबल मांडलं तर जेवण होईतो ते शेजारच्या गावाला लागेल.

बंदरात दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले दिसतात. फोटो सगळेच काढतात, का वाळवतात हे कोणी विचारत नाही. पाणी उरलं तर निखाऱ्यावर तो भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि चिवट होतो. बोंबील तळण्याआधी फळीखाली वजन ठेवून दाबणाऱ्या बाईला हे एका नजरेत समजेल. एकाचं पाणी घालवायचं, दुसऱ्याचं पुसून खायचं, टेबल तेच.

तिथून आल्यावर काही दिवस टोमॅटोला आधी मीठ लावलं जातं. काकडीच्या कोशिंबिरीला मात्र ऐनवेळीच. नाहीतर दाण्याच्या कुटाचं काय करायचं?