अंड्यांची टरफलं आणि दोन राजे

सॅन अँटोनियो, टेक्सास

बुधवार

आज आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात घेतलं. रिकामं होतं, तरी हात जरा बिचकलाच. मिरजेच्या आमच्या स्वयंपाकघरात अंड्याला कधी प्रवेश नव्हता. चिरंजीव हॉस्टेलला गेल्यावर काय काय खायचे ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही, आणि त्यामुळे घरात शांतता राहिली.

शेजारच्या बाई मेक्सिकन वळणाच्या, माझ्याच वयाच्या. त्यांचं इंग्रजी चांगलं, माझं बँकेतलं. मध्ये नात दुभाष्याचं काम करते. बाईंच्या गॅरेजमध्ये लांब टेबलावर अंड्यांचे पंधरा-सोळा ट्रे मांडलेले. सगळी पोकळ. आपल्या संक्रांतीच्या सुमारापासून घरात जेवढी म्हणून अंडी लागली, तेवढ्यांतलं एकही मधोमध फोडलेलं नाही. सुरीच्या टोकानं वरच्या बाजूला टिचकी मारायची, नखाएवढं भोक पाडायचं, आतलं भांड्यात ओतायचं आणि टरफल धुऊन पालथं वाळत घालायचं. आता उद्यापासून ‘फिएस्टा’, म्हणजे इथला दरवर्षीचा गावउत्सव, म्हणून रंगवायची घाई.

रंग म्हणजे खायचाच रंग, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून. रंग वाळला की आत कागदाच्या बारीक टिकल्या भरायच्या आणि भोकावर पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद गोल कापून चिकटवायचा. याला म्हणतात कास्कारोन. स्पॅनिशमध्ये कास्कारा म्हणजे टरफल. मेक्सिकोच्या सम्राटाची बायको कार्लोटा हिनं 1860 च्या दशकात युरोपातून ही चाल आणली, असं इथे सांगतात. खरं-खोटं तिलाच माहीत.

टिकल्या बघून मला आमची शाखा आठवली. बत्तीस वर्षं व्हाउचरं पंच केली. त्या पंचिंग मशीनचं खालचं झाकण उघडलं की पांढऱ्या टिकल्यांचा ढीग पडायचा आणि आम्ही तो केराच्या टोपलीत झटकायचो. इथे त्याच टिकल्या बाई चमच्यानं मोजून भरत होत्या. जास्त भरल्या तर अंडं जड होतं आणि डोक्याला लागतं म्हणे.

हो, हे अंडं डोक्यावर फोडायचं असतं. लांबून फेकायचं नाही. तळहातात धरायचं, हळूच मागून जायचं, समोरच्याच्या टाळूवर ठेवायचं आणि दाबायचं. ज्याच्या डोक्यावर फुटलं त्याचं नशीब उघडलं. बाईंनी मला ‘असं’ म्हणून दाखवलं आणि दाखवता दाखवता माझ्याच डोक्यावर एक फोडलं. रात्री वेणी सोडली तर उशीवर निळ्या-गुलाबी टिकल्या. रंगपंचमीनंतर कानामागचा रंग चार दिवस जात नाही, तसं होणार दिसतंय.

रविवार

मार्केट स्क्वेअरला गेलो. हौशे, नवशे, गवशे सगळे. डोक्यावर मुकुटासारख्या कागदी फुलांच्या माळा, दोरीला लावलेल्या नक्षीदार कागदी पताका, चार दिशांनी चार बँड. बर्फाच्या गोळ्याला इथे ‘रास्पा’ म्हणतात. बर्फ किसण्याचा आवाजसुद्धा तोच.

पण माझं लक्ष लोकांच्या छातीकडे. जो तो पदकं लावून हिंडतोय. खांद्यावरून आडवा पट्टा आणि त्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस पदकं, चालताना छुमछुम वाजणारी. मला वाटलं सगळे माजी सैनिक. (गावात लष्कराचे तळ मोठे आहेत, तेव्हा ते तसं अगदीच अशक्य नव्हतं.) तर तसं नाही. इथे दरवर्षी शाळा, दवाखाने, हॉटेलं, पोलीस, अगदी एखादं कुटुंबसुद्धा आपापलं पदक काढतं आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. फिएस्टाचा राजा पूर्वी लोकांना नाणी वाटायचा. 1971 साली त्या नाण्याला रिबन लागली आणि वेड सुरू झालं. आमच्या बँकेनं असं पदक काढायचं ठरवलं असतं तर आधी प्रस्ताव, मग झोनल ऑफिसची टिपणी, आणि पदक हातात येईपर्यंत पुढचा फिएस्टा.

बाईंनी मला त्यांचं एक जास्तीचं पदक दिलं होतं. ते मी पदराला पिन करून लावलेलं. एक उंच गृहस्थ थांबले, वाकून बघितलं, आपल्या पट्ट्यावरची दोन काढून पुढे केली. दोनाला एक! मी मान हलवली. दिलेली वस्तू पाच मिनिटांत बाजारात काढायची म्हणजे काय.

भाजलेलं मक्याचं कणीस खाल्लं. वर पांढरं काहीतरी माखलेलं, त्यावर चीज, तिखट आणि लिंबू. फार छान लागलं, म्हणून आणखी एक घेतलं. घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, “आई, ते पांढरं मेयोनीज होतं, त्यात अंडं असतं.” आधी सांगितलं नाही ते नाहीच, नंतर तरी कशाला सांगायचं?

सोमवार

आज अलामो. मला वाटलं होतं किल्ला असेल. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आरामात मावेल एवढी दगडी चर्चची इमारत. मूळची 1718 साली स्थापन झालेली ख्रिस्ती धर्मप्रसारकांची मिशन, पुढे लष्करी ठाणं. टेक्सास तेव्हा मेक्सिकोविरुद्ध बंड करून उठलेलं. 1836 साली मेक्सिकोचा सेनापती सांता आना फौज घेऊन आला, तेरा दिवस वेढा पडला आणि 6 मार्चला पहाटे आतले लढणारे सगळे मारले गेले. सहा आठवड्यांनी, 21 एप्रिलला, सॅन हासिंतोच्या मैदानावर टेक्सासवाल्यांनी सांता आनाला हरवलं. ती लढाई अठरा मिनिटांत संपली म्हणे. आमचा कुकर व्हायला याहून जास्त वेळ लागतो. फिएस्टा एप्रिलमध्ये असतो तो त्या तारखेमुळे.

संध्याकाळी अलामोपर्यंत यात्रा निघते. फुलांची चक्रं घेऊन लोक शांतपणे चालत येतात आणि मेलेल्यांची नावं एकेक करून वाचली जातात. नावं ऐकताना पानिपत डोक्यात आलं. जिंकलेल्या लढायांची नावं आपण परीक्षेपुरती पाठ करतो, हरलेली मात्र बोलण्यात मुरते. परवा दूध उतू गेलं तेव्हाही मी ‘पानिपत झालं’ असंच म्हटलं होतं.

एक गोष्ट मला सारखी टोचत होती. या गावातले निम्म्याहून अधिक लोक मेक्सिकन मुळाचे. मग मेक्सिको हरला त्या दिवसाचा सण यांनी का साजरा करावा? बाईंना विचारलं. नातीनं आधी माझ्याकडे बघितलं, हे विचारायचं असतं का, अशा नजरेनं. बाईंनी मात्र शांतपणे ग्रेगोरिओ एस्पार्सा आणि फ्रान्सिस्को एस्पार्सा या दोन भावांची गोष्ट सांगितली. ग्रेगोरिओ अलामोच्या आत लढताना गेला. फ्रान्सिस्को सांता आनाच्या बाजूचा. आतल्या मृतांची प्रेतं ढीग करून जाळली गेली, पण फ्रान्सिस्कोनं परवानगी मागून भावाचं प्रेत शोधून काढलं आणि पुरलं. त्या सगळ्यांत रीतसर मूठमाती मिळाली ती या एकालाच.

“आमची माणसं दोन्हीकडे होती,” बाई म्हणाल्या. “मग कोण हरलं म्हणायचं?”

आणि हुआन सेगीन. याच गावचा. सॅन हासिंतोला टेक्सासच्या बाजूनं लढला, पुढच्या वर्षी अलामोतल्या मृतांची राख मानानं पुरली ती यानंच. नंतर गावाचा महापौर झाला आणि 1842 साली, ज्यांच्यासाठी लढला त्यांच्याच धाकानं त्याला मेक्सिकोत पळावं लागलं. बाईंनी हे शाळेत नाही, आजोबांकडून ऐकलं. मी आणखी काही विचारलं नाही.

रात्री नदीवरची मिरवणूक. रथ नाहीत, सजवलेल्या नावा. नदी रस्त्याच्या एक मजला खाली, दोन्ही काठांना दगडी पायवाट, झाडांवर दिवे. नावेतून फिएस्टाचा राजा अँटोनियो हात हलवत गेला. नदी म्हणायची ती आमच्या कृष्णेपुढे ओढाच. तरी हिनंही 1921 साली पन्नासेक माणसं नेली. त्या महापुरानंतर या नदीचं करायचं काय, यावर गावात वाद पेटला. 1924 साली गावातल्या बायकांनी जुन्या वास्तू आणि नदी वाचवायला एक संस्था काढली, आणि नगरपालिकेच्या साहेबांपुढे भाषण न करता चक्क कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लावला: सोन्याची अंडी देणारी हंसी. गावाचं जुनेपण म्हणजे ती हंसी, तिला कापू नका. 1929 मध्ये रॉबर्ट हगमन नावाच्या आर्किटेक्टनं काठाचा आराखडा मांडला आणि पुढे दहा वर्षांनी काम सुरू झालं.

1929 म्हणजे सांगलीचा आयर्विन पूल झाला ते साल. 2019 च्या पुरात आम्ही सगळे फोनला डोळे लावून आयर्विनजवळची पातळी बघत बसलो होतो, एकेक इंच. त्या वेळी कोणी मला नदीकाठी दिवे लावू म्हणालं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. आज काठावर बसून पाय हलवत रास्पा खाल्ला.

मंगळवार

ला विलिता या जुन्या वस्तीत रात्रीची जत्रा. ती बाहुल्यांवाली संस्थाच भरवते आणि मिळालेला पैसा जुन्या वास्तूंच्या जपणुकीला जातो. गर्दी इतकी की चालावं लागत नाही, लोकच नेतात. शाकाहारी काय, हे विचारता विचारता नातीचा घसा बसला. लिंबू सरबत आणि मक्याची रोटी. रोटी थापणाऱ्या बाईंच्या हाताचा आवाज ऐकून भूक जरा भागली.

शुक्रवार

आज शाळांना सुट्टी. सकाळी घडीच्या खुर्च्या, टोप्या आणि मी केलेले तिखटमिठाचे पराठे घेऊन रस्त्याच्या कडेला जागा धरली. बॅटल ऑफ फ्लॉवर्स, फुलांची लढाई. सुरुवात 1891 ची. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन येणार म्हणून बायकांनी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक ठरवली. तो आला त्या दिवशी पाऊस पडला, तो निघून गेला, आणि बायकांनी चार दिवसांनी आपली मिरवणूक काढलीच. अलामोसमोर गाड्यांच्या दोन रांगा समोरासमोर आणि एकमेकींवर फुलांचा मारा. पाहुणा गेला तर गेला, केलेली तयारी वाया घालवायची नाही, हे मला फार आवडलं. आजही ही मिरवणूक संपूर्णपणे बायकाच चालवतात. पिवळे पोशाख, पिवळ्या टोप्या, मानधन शून्य. घोडे, शाळांचे बँड, लष्कराचे बँड, सगळं त्यांच्या इशाऱ्यावर चाललेलं. आपल्याकडे पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीतल्या बायका बुलेटवर दिसतात. पण मार्ग कुठला आणि किती वाजता, हे ठरवणाऱ्या समितीत किती जणी असतात, ते एकदा बघायला हवं.

मग रथावर राजकन्या आल्या. इथल्या जुन्या श्रीमंत घरांतल्या मुली, पाठीमागे मण्यांनी आणि खड्यांनी मढवलेला लांबच लांब शेला, इतका जड की रथभर पसरून ठेवलेला. किंमत विचारायची सोय नाही. मी ‘पैशाचा नुसता धूर’ म्हणणार, एवढ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आरोळी उठली, “शो अस युअर शूज!” त्या राजकन्येनं हसत तो शाही घागरा गुडघ्यापर्यंत उचलला. खाली काऊबॉयचे बूट, धुळीनं माखलेले. पुढचीच्या पायात पळायचे बूट, त्यातही एका पायात हिरवा, एका पायात केशरी. एकीच्या पायात कार्टूनच्या सपाता! प्रत्येक रथाला तीच आरोळी आणि प्रत्येकीनं दाखवायचंच. पैसा तुमचा असेल, रस्ता आमचा. नात तर ओरडून ओरडून लाल झाली. मीही दोनदा ओरडले. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

राजे दोन आहेत हे मला आज कळलं. एक राजा अँटोनियो, नदीवर दिसला तो, एका जुन्या बड्या लोकांच्या क्लबातला. त्या क्लबात मेक्सिकन माणसाला कोण घेणार? म्हणून 1940 च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकन समाजाच्या संस्थेनं आपला वेगळा राजा उभा केला, एल रे फेओ, म्हणजे कुरूप राजा. जो मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी सगळ्यांत जास्त पैसे जमवेल, तो कुरूप राजा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं आपण म्हणतो, इथे एका मिरवणुकीत दोन राजे सुखानं निघाले. सुखानं म्हणजे, वरून तरी. बाई कुरूप राजासाठी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच्या वेळी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

मिरवणूक संपताना माझी तीन कास्कारोन उरली होती. रस्त्यावर रंगीत टरफलांचा नुसता चुरा, पायाखाली करकर वाजत होता. समोर एक पिवळ्या टोपीतल्या आजी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, दमून कठड्याला टेकलेल्या. मी टोपीकडे बोट दाखवलं. त्यांनी टोपी काढली आणि डोकं पुढे केलं. हळू दाबलं. त्यांनी माझ्या पदरावरच्या पदकाकडे बघितलं, आपल्या पट्ट्यावरचं एक काढून माझ्या हातात ठेवलं आणि बदल्यात काही मागितलं नाही.

शनिवार

रात्री दिव्यांची मिरवणूक. खुर्चीतच झोपले. फोटोत तोंड उघडं आहे, तो डिलीट करायला सांगितलाय.

सोमवार

गाव थंड. बाई झाडू घेऊन अंगणातल्या टिकल्या गोळा करत होत्या, मला बघून हात उंचावला. माझी परतीची तिकिटं मेच्या मध्यावर, म्हणजे आंब्याची पहिली पेटी हुकलीच.

सकाळी सूनबाई ऑम्लेटच्या तयारीत. एका हातात अंडं, दुसऱ्या हातात सुरी, मधोमध मारणार एवढ्यात मीच ओट्याशी गेले.

“अगं, तसं नको. टोकाला मार. आणि टरफल इकडे दे, मी धुते.”