सगळ्यांनाच नायट्रेट

सॉल्ट ॲनालिसिसच्या, म्हणजे दिलेल्या क्षारात काय आहे ते ओळखायच्या प्रॅक्टिकलला एका बॅचमधल्या सगळ्यांना नायट्रेट सापडलं. क्लोराइड दिलेल्यांनाही आणि सल्फेट दिलेल्यांनाही. प्रत्येकाच्या नळीत द्रावण आणि ॲसिड या दोन थरांच्या जोडावर, नायट्रेटची खूण मानलं जाणारं ठसठशीत तपकिरी वलय होतं.

अशा वेळी आधी ब्लँक घ्यायचा, म्हणजे क्षार न घालता तीच चाचणी करायची. २ मिली डिस्टिल्ड वॉटर आणि तितकंच ताजं फेरस सल्फेट घेतलं, नळी तिरपी धरली आणि कडेने तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सोडलं. वलय आलं. दुसऱ्या नळीत फेरस सल्फेटही घातलं नाही, नुसतं पाणी आणि ॲसिड घेतलं. तरीही जोडावर तपकिरी, गढूळ रेघ! खरं वलय नायट्रिक ऑक्साइड फेरस लोहाला चिकटून तयार होतं. लोहच नसेल तर ती रेघ नायट्रेटची असूच शकत नाही. म्हणजे खोट ॲसिडात होती.

बाटली उजेडात धरली, तर आत पातळ चहासारखा रंग. लॅब असिस्टंट म्हणाले, "सर, स्टॉक संपला होता. ड्रेन क्लीनरच्या डब्यावर सल्फ्युरिक ॲसिडच लिहिलंय, म्हणून तेच भरलं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोरी साफ करायच्या काही द्रावणांत ९० टक्क्यांच्या वर सल्फ्युरिक असतं. मात्र काहींत कॉस्टिक सोडा असतो, काहींत हायड्रोक्लोरिक, त्यामुळे घटक वाचल्याशिवाय तसला डबा उघडूही नये. शिवाय सल्फ्युरिकवाल्यातही रंग आणि धातू गंजू नये म्हणून घातलेली सेंद्रिय द्रव्यं असू शकतात. तीव्र ॲसिडात ती विरघळून राहतात आणि पाणी लागताच जोडावर साकळतात. आमचं 'वलय' बहुधा तेच.

असिस्टंटनी घनता मोजणारा हायड्रोमीटरही लावून पाहिला होता. १.८३ आलं म्हणून ते निर्धास्त झाले. इथेच बरेच जण फसतात. २० अंश सेल्सिअसला ९३ टक्के ॲसिडची घनता १.८२८ असते, ९७ च्या आसपास ती १.८३६ पर्यंत चढते आणि १०० टक्क्यांना उलट उतरून १.८३१ होते. साध्या हायड्रोमीटरला या टोकाला काहीच सांगता येत नाही. टायट्रेशनला, म्हणजे ठाऊक तीव्रतेचा अल्कली किती लागतो ते मोजण्याला, पर्याय नाही.

वजन करतानाही एक गंमत होते. उघड्या बीकरमधलं ॲसिड हवेतली ओल ओढतं आणि तराजूचा शेवटचा आकडा वरवर सरकत राहतो. म्हणून झाकणाच्या छोट्या बाटलीतून फरकाने (ओतण्याआधीचं वजन वजा नंतरचं) वजन घेतलं: १.०२ ग्रॅम. ते थंड पाण्यात सोडून, निवल्यावर १०० मिली केलं. त्यातल्या १० मिलीला फिनॉल्फ्थॅलीन (ॲसिड संपताच गुलाबी होणारा दर्शक) घालून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड लावलं, तर सरासरी १९.३ मिली लागलं. हिशेब ९२.८ टक्क्यांवर आला. एवढ्या विरलतेत मूळ रंग जवळजवळ दिसत नव्हता, त्यामुळे शेवटचा गुलाबी थेंब नीट पकडता आला.

टक्केवारी एकवेळ चालली असती. ९३ टक्क्यांचं असेल तर १ मोलर (लिटरमागे एक मोल) द्रावणाच्या लिटरला सुमारे ५८ मिली घ्यायचं, ९८ टक्क्यांचं असेल तर ५४ ते ५५. पण विरल द्रावणात लोह ओळखणारं थायोसायनेट टाकताच लालसर झालं, म्हणजे लोह होतं. नायट्रिक घालून सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर दुधाळ झालं, म्हणजे क्लोराइडही. असलं ॲसिड गुणात्मक विश्लेषणात वापरणं म्हणजे स्वतःच उत्तरं पेरून ठेवणं. गाळून भागेल का, असंही एकाने विचारलं. विरघळलेलं लोह गाळणीत अडकत नाही, आणि तीव्र ॲसिड फिल्टर पेपरच काळा करून खातं.

बॅचचे निकाल रद्द केले. बाटलीत १०० मिलीच्या आसपास उरलं होतं. एक लिटर थंड पाण्यात ते बारीक धारेने, ढवळत सोडलं. नेहमी ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात कधीच नाही. एवढी काळजी घेऊनही बीकर हाताला चांगलाच गरम लागला, तापमान साधारण वीस-पंचवीस अंशांनी चढतं. निवल्यावर वॉशिंग सोडा थोडाथोडा घातला. या मापाला निर्जल सोडा १८४ ग्रॅमच्या आसपास पुरतो, पण घाई केली की फेस काठावरून उतू जातो. म्हणून बीकरऐवजी बादली घेतली आणि लिटमस निळा होईपर्यंत चमचाचमचा टाकत राहिलो.