छोट्या हत्तीचं भाडं आणि रेषेचं समीकरण

हिंगणघाटकडच्या एका खेड्यात मी दहावीला गणित शिकवतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असली की अर्धा वर्ग वावरात, त्यात त्या दिवशी निर्देशक भूमिती. चढाचं, म्हणजे रेषा किती तिरपी ते काढायचं, सूत्र पोट्ट्यांना पाठ असते पण वर वाय दोन वजा वाय एक लिहिलं की खाली बरोब्बर एक्स एक वजा एक्स दोन लिहितात आणि चढ उणे येतो, दरवर्षीचंच आहे हे.

पुस्तकातले बिंदू सोडले आणि विचारलं, जिनिंगला (कापसातली सरकी काढतात तिथं) कापूस कोणाचा गेला? एकानं सांगितलं, आमचा गेला सर, छोट्या हत्तीत (छोटा मालवाहू टेम्पो), ५ क्विंटलचे ९०० घेतले, मंग ८ क्विंटलचे १२६०. गाडीवाला एकठोक आकडा सांगतो, त्यात काय काय धरलं ते कोणी विचारतच नाही. म्हटलं क्विंटल एक्स, भाडं वाय, हे दोन बिंदू झाले, काढा रेषा. ३ क्विंटल वाढले, ३६० रुपये वाढले, म्हणजे चढ १२०. पाचाचे झाले ६००, मग ९०० मधले वरचे ३०० कुठले?

"कापूस नसन तरी तीनशे कायचे सर?"

मागच्या बाकावरची पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणे, "गाडी दारात आणाचे. रिकामी गेली तरी तो सोडते का?"

वाय बरोबर एमएक्स अधिक सी मधला सी, म्हणजे एक्स शून्य असला तरी उरते तो आकडा, याच्यापेक्षा चांगला मला तरी सांगता आला नसता. वाय बरोबर १२०एक्स अधिक ३००, फळ्यावर लिहिलं. देकार्तनं १६३७ साली बीजगणित आणि भूमितीची सोयरीक जुळवली तेही सांगून टाकलं, पण ते कोणी ऐकलं नाही.

कारण तोवर त्या पोराला तिसरी खेप आठवली होती, १२ क्विंटलचे १९४०. समीकरणानं येतात १७४०. आलेख कागदावर बिंदू रेषेच्या एक सेंटीमीटर वर, सगळा वर्ग ओरडला, लुटलं बे तुह्या बापाले! दुसऱ्या दिवशी कळलं की त्या खेपेला जिनिंगवर गाड्यांची लाइन होती, गाडी रातभर उभी, २०० हॉल्टिंगचे. म्हणजे गाडीवाला खोटा नव्हता, त्या खेपेची अटच वेगळी होती, आणि बिंदू रेषेवर नसला की हेच शोधायचं असते.

मग कोणीतरी बाजूच्या गावचा गाडीवाला काढला, तो वरचे काही घेत नाही, सरळ १५० क्विंटलमागे. ही रेषा आरंभबिंदूतून जाते आणि जास्त चढते. दोन्ही रेषा १० क्विंटलवर छेदतात, भाडं १५००. त्याच्या आत दुसरा स्वस्त, त्याच्या वर पहिला. मागच्या बाकावरच्या त्या पोरीच्या घरी ७ क्विंटल भरून ठेवला होता, तिनं वहीत १०५० आणि ११४० असे दोन आकडे लिहिले, आणि मधल्या सुट्टीत माझ्याच फोनवरून बापाला सांगितलं, बाजूच्या गावची गाडी बोलवा.