गुडघा, बाई आणि 'हर्ट'

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी लिहायला बसलो आणि लेखणी पुन्हा पुन्हा इंग्रजीच्या बाईंपाशीच येऊन थांबली. बाई म्हणजे कोणत्या, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगावे लागणार नाही.

आठवीत असताना मधल्या सुट्टीत खो-खो खेळताना खांबापाशी पडलो, गुडघा फुटला आणि तासाला उशीर झाला. कारण इंग्रजीतच सांगायचे म्हणून मी 'माय नी इज पेनिंग' असे म्हणालो. बाईंनी आधी कार्यालयातून आयोडीन आणवले, जखम स्वतः पुसली आणि पुसता पुसता विचारले, "ठणकतंय, की नुसतं चुरचुरतंय?" मग फळ्याकडे वळून तो सगळा तास त्यांनी 'हर्ट' या एका क्रियापदाला दिला.

अवयव दुखतो असे सांगताना इंग्रजीत 'पेन' नव्हे, 'हर्ट' वापरतात: 'माय नी हर्ट्स'. डोके, दात, पोट यांच्यासाठी 'हेडएक', 'टूथएक' असे ठरलेले जोडशब्द आहेत. भूतकाळात 'हर्टेड' होत नाही, तिन्ही रूपे 'हर्ट'च. एवढे व्याकरण कोणत्याही पुस्तकात मिळाले असते. परंतु बाईंनी 'आय हर्ट माय नी' असे लिहून त्याचे मराठी विचारले आणि आम्ही 'माझ्या गुडघ्याला लागलं' म्हणताच त्या म्हणाल्या, "बघा, इंग्रजीत पडणारा मुलगाच कर्ता आहे. मराठीत त्याला लागतं, पण वाक्यात तो कर्ता नाही." मनाला लागते तेही इंग्रजी याच 'हर्ट'ने सांगते, जिथे आपल्याकडे दुखावणे, सलणे, बोचणे, जिव्हारी लागणे असे वेगवेगळे शब्द आहेत. शेवटी त्यांनी 'इट वोन्ट हर्ट टू आस्क' लिहिले आणि शेजारी त्याचे मराठी: 'विचारायला काय जातं?'

आज मी फौजदारी वकिली करतो. 1860 च्या दंड संहितेतील कलम 319 चे 'हर्ट', म्हणजे दुखापत, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 114 मध्ये आले आहे. शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तता एवढेच तिथे मोजले जाते; मनाचे लागणे त्या व्याख्येत बसत नाही. साक्षीदार 'मला लागलं' म्हणतो, तेव्हा कोणी मारले हे त्या वाक्यात नसते, आणि उलटतपासणीत पुष्कळदा सारे त्याच एका जागेवर येऊन ठेपते. ती जागा ऐकायची सवय मला बाईंनी लावली.

हल्ली मुले 'पायाला पेन होतंय' आणि 'मी हर्ट झालो' असे म्हणतात, तेव्हा मन खरोखर खट्टू होते. ठणकणे, ठसठसणे, कळ येणे, चमक भरणे हे सारे एका 'पेन'मध्ये बुडाले, तर डॉक्टरला तरी काय कळावे!

बाईंना आता जिना चढवत नाही. त्यांचा सत्कार तळमजल्यावर ठेवावा, ही विनंती समितीला करावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार करत होतो. मग फळ्यावरचे ते वाक्य आठवले आणि लगेच फोन केला. सत्कार तळमजल्यावरच आहे.